चांदीची जीभ, गाठीसकट

माझ्या सासूबाई शिव्या देत नसत. शिवी द्यायला अक्कल लागत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. त्या फक्त माणसाचं वर्णन करत. वाटूरच्या अलीकडे ओढ्याकाठी आमचं गाव. त्या ओढ्याच्या एका अंगाला उभ्या राहून बोलायला लागल्या, की पलीकडे धुणं धुणाऱ्या बाया पिळलेलं लुगडं हातात तसंच धरून ऐकत राहायच्या. एका फुकट्या पाहुण्याला त्या जेवताना वाढता वाढता म्हणाल्या होत्या, "पाव्हणं, तुम्ही आलात की घरात जागा वाढल्यावानी वाटती. समदे उठून जातेत." पाहुणा हसला, जेवला, आणि शिवेपर्यंत गेल्यावर त्याला कळलं. तिथून तो परत आला नाही. पुढे कधीच आला नाही.

मी जालन्याची, मस्तगडातली. लग्न होऊन आले आणि उंबऱ्यावरचं माप ओलांडताना पाय जरा जोरात लागला. तांदूळ पार चुलीपाशी गेले. "शहरवालीनं पेरणी केली," सासूबाई म्हणाल्या, आणि माझं नाव शहरवाली पडलं. गावानं दुसरं नाव कधी विचारलंच नाही.

मी काय केलं? मी त्यांची नक्कल शिकले. कापूस वेचताना बाया माझ्याभोवती गोळा व्हायच्या. मी डोक्यावरचा पदर कानामागं खोचून, कमरेवर हात ठेवून सासूबाई व्हायचे आणि एकेकीचं वर्णन करायचे. एकदा बाया एकाएकी खाली मान घालून वेचू लागल्या. मागं वळून पाहिलं तर सासूबाई उभ्या. म्हणाल्या, "समदं बराबर हाय. नाकातून जरा कमी बोल. माझं नाक एवढं न्हाई." आणि निघून गेल्या. मी तेव्हापासून नाक कमी केलं.

त्यांच्या जिभेत काहीतरी आहे, हे मला माझ्या नावावरून कळलं. शहरवालीतला र आधी जड झाला, मग पडला. मी शहवाली झाले. भाकरीचा घास गालात धरून बोलावं तसं त्या बोलायला लागल्या. दुखत नव्हतं म्हणून कोणी लक्ष दिलं नाही. बाया म्हणाल्या, मिश्री लावून लावून जीभ सुजली असेल. तुरटीच्या गुळण्या झाल्या, बाभळीच्या सालीचा काढा झाला. तोपर्यंत माझ्या नावातला व पण गेला होता.

एका सकाळी त्यांनी मला चुलीपाशी बोलावून तोंड उघडलं आणि उजेडाकडे वळल्या. जिभेच्या पार मागच्या बाजूला, डावीकडे, हरभऱ्याच्या घाट्याएवढा फुगवटा होता. वरची कातडी चांगली गुळगुळीत, कुठं फुटलेली नाही, रंगही जिभेचाच. पाटा-वरवंट्याशी सगळा जन्म गेलेल्या बाईची जीभ मी इतक्या जवळून कधी पाहिली नव्हती. एवढ्याशा लाल मांसाला सगळं गाव भीत होतं.

बैलगाडीनं परतूर, तिथून रेल्वेनं जालना. सोबत माझे मालक होते. आमच्या घरात आवाजाची वाटणी फार उलटी झाली होती. सगळा आईकडे, लेकाला काहीच नाही. ते दिवसाला जितकं बोलत तितकं मी झोपेत बोलत असेन.

दवाखान्यातले डॉक्टर हैदराबादेत शिकलेले. तेव्हा सरकारी काम उर्दूत चालायचं, त्यामुळे बोलणं सगळं उर्दूतलं. मालकांना तहसिलीपुरतं येत होतं. मला येत होतं, कारण मस्तगडात आमच्या भिंतीला भिंत लावून राहणाऱ्या खालाजानच्या चुलीपाशी मी लहानाची मोठी झाले. म्हणून डॉक्टर आणि सासूबाई यांच्या मधोमध मी उभी राहिले, आणि मला वाटतं, त्या दिवशी उभी राहिले ती कायमची.

डॉक्टरांनी बोट घालून जिभेचं मूळ चाचपलं. सासूबाईंनी त्यांचं बोट चावलं नाही, याचं मला आजही आश्चर्य वाटतं.

"तमाखू का जख्म नहीं है ये," डॉक्टर म्हणाले. "वो ऊपर से फटता है. ये अंदर से है. लुआब की गिल्टी है."

"मिश्रीनं झालं न्हाई म्हणतेत, आत्याबाई. तोंडात लाळ जिथून सुटती तिथं बारक्या बारक्या गाठी असतेत. त्यातली एक बिघडून वाढली."

"ऐसी गिल्टी जबान में बहोत कम होती है," डॉक्टर हात पुसत म्हणाले. "मेरी सारी नौकरी में ये दूसरी."

हे सांगितल्यावर सासूबाई ताठ बसल्या. सबंध वाटेत त्यांचा चेहरा पडलेला होता, तो उजळला. म्हणाल्या, "त्याला इचार, पह्यली कुणाला व्हती."

"एक तहसीलदार साहब को," डॉक्टर म्हणाले.

"मंग ठीक हाय," सासूबाई म्हणाल्या.

ते डॉक्टरांना सांगायची गरज नव्हती. मी आपल्या मनानं विचारलं, "उनका क्या हुआ?" डॉक्टर हात धुवायला गेले. चांगले कोरडे पुसून झालेले हात त्यांनी पुन्हा धुतले.

मग त्यांनी सांगितलं ते मी शब्दाला शब्द सांगितलं. हैदराबादेला न्यावं लागेल. अर्धी जीभ कापावी लागेल, कदाचित पूर्ण. जगण्याची आशा आहे, भरवसा नाही. कापली नाही तर ही गाठ घाई करणार नाही, पण थांबणारही नाही. पुढं दुखायला लागेल, कानापर्यंत दुखेल, मग गिळता येणार नाही.

सासूबाईंनी एकच गोष्ट विचारली. कापल्यावर बोलता येईल का?

डॉक्टर "नहीं" म्हणाले. ते सांगायला मी तोंड उघडलं, तर सासूबाईंनी हात वर केला. तेवढं उर्दू त्यांना येत होतं.

घरी ज्वारीचं खळं चालू होतं, म्हणून मालक त्याच दिवशी गावाला परत गेले. आम्ही दोघी माझ्या माहेरी मस्तगडात राहिलो, कारण सासूबाईंना सोनाराकडे जायचं होतं. त्यांचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. डोळे आले तर तिथल्या देवीला चांदीचे डोळे नवसाला बोलतात, पाय मोडला तर चांदीचा पाय बोलतात आणि बरं वाटलं की नेऊन वाहतात. सोनाराकडे डोळ्यांचे, हातापायांचे, पाळण्यांचे ठसे होते. जिभेचा नव्हता.

"माय, जीभ आजपोत्तूर कुणी मागितली न्हाई," सोनार म्हणाला.

सासूबाई त्याच्या गादीपाशी बसल्या, पुढं वाकल्या आणि त्याच्या तराजूवर जीभ काढून दाखवली. भर बाजारात. सोनार घाबरून मागं सरकला, मग माप घ्यायला पुढं आला. दुसऱ्या दिवशी विड्याच्या पानासारखी वळवलेली चांदीची जीभ त्यानं आमच्यापुढं ठेवली. सुरेख जमली होती. सासूबाईंनी ती उलटीसुलटी केली आणि मला काहीतरी म्हणाल्या.

"गाठ कुठं हाय, इचारतेत," मी म्हणाले.

"देवीला निरोगी अवयव वाहतेत, माय. रोग कशाला घडवायचा?"

"म्हणतेत, जगात जिभा काय कमी हायेत? कोणती नीट करायची ते देवीला कळाया पायजे."

सोनारानं डावीकडे मागच्या बाजूला चांदीचा थेंब बसवला. सासूबाईंनी त्यावर बोट फिरवलं, आपल्या तोंडात बोट घालून आतली गाठ चाचपली आणि पुन्हा काही म्हणाल्या.

"मोठी कर म्हणतेत."

त्यानं मोठी केली. मग त्या सोनाराला बजावून म्हणाल्या, आणि मी सांगितलं, की बरं वाटलं तर ही देवीला द्यायची, न्हाई वाटलं तर न्हाई. तू साक्षीदार. सोनार म्हणाला, देवीशी असं कोणी बोलत नसतंय. सासूबाईंनी खांदे उडवले. त्या सगळ्यांशी असंच बोलत असत.

आता मालकांचं ऐका. ते गावात पोचले तेव्हा पाटील चावडीवर बसले होते. "आईचं काय निघालं रे?" पाटलांनी विचारलं. आमच्या मालकांनी एका शब्दात उत्तर दिलं. "गिल्टी." आणि ते खळ्यावर निघून गेले.

तुम्हाला हा शब्द आज साधा वाटेल. आमच्याकडे त्याचा एकच अर्थ होता. प्लेगच्या दिवसांत काखेत नाहीतर जांघेत गाठ यायची आणि घरातून एकामागून एक माणसं उचलावी लागायची. तहसिलीतून उर्दूत हुकूम यायचा, दवंडीवाला त्यातला एवढाच शब्द उचलायचा आणि गल्लोगल्ली ओरडायचा: गिल्टी, गिल्टी. त्या शब्दावर पाटलांचे दोन भाऊ गेले होते. त्यांना लाळेची गिल्टी वेगळी असते, हे कोण सांगणार? माझा नवरा सांगणार? त्यात त्याच दुपारी तेल्याच्या दारात एक मेलेला उंदीर सापडला. मांजरीनं अर्धा खाल्लेला होता, पण त्याच्याकडे एवढं नीट बघायला कोणी थांबलं नाही. गावानं भांडीकुंडी उचलली आणि शेतात कडब्याच्या खोपी घातल्या.

मालक खळ्यावरच होते. त्यांना वाटलं, सगळ्यांचीच सुगी एकदम आली.

आम्ही दोघी गाडीतून ओढ्यापाशी आलो तर गावातून एका चुलीचा धूर निघत नव्हता. पलीकडच्या काठावर पाटील, हातात काठी, मागं वीस-तीस माणसं. मामाजी, म्हणजे माझे सासरे, त्यांच्यामागं उभे. त्यांना पुढं येऊ देत नव्हते.

"तिथंच थांबा," पाटील ओरडले. "गाडी पाण्यात घालू नका. गावात गिल्टी नको."

सासूबाई गाडीतून उतरल्या. ओढ्याच्या त्याच काठावर, त्यांच्या नेहमीच्या दगडावर उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. काठापलीकडे काय, गाडीवाल्यालाही एक अक्षर कळलं नाही. नुसता घोगरा, ओला आवाज. पलीकडच्या बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. सासूबाईंनी बोलणं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत ते भय मी पहिल्यांदा पाहिलं. दवाखान्यात नव्हतं ते.

मी पदर कानामागं खोचला. कमरेवर हात ठेवला. नाक कमी केलं.

"पाटील, गावात उंदीर पडला का तुमच्या डोक्यात, ते आधी बघा."

पाटलांचा हात आपसूक डोक्याकडे गेला.

त्या बोलत गेल्या, मी ओरडत गेले. "गिल्टी काखेत येती, जांघेत येती. जिभंत आलेली कुणाच्या बापानं बघितली? ही लाळंची गाठ हाय. जालन्याच्या डॉक्टरनं दुसरी बघितली. पह्यली तहसीलदाराला व्हती. आन पलेग झाला आसता, तर मी इथं कशाला थांबले आसते? पह्यलं तुमच्या घरी येऊन पाणी मागितलं आसतं."

कोणीतरी बाई खुदकन हसली. एक म्हातारा म्हणाला, "आवाज तर तिचाच हाय."

मग सासूबाई आणखी काही म्हणाल्या, आणि मी गप्प राहिले. माझ्या दंडाला असा चिमटा बसला की डोळ्यांत पाणी आलं. मग मी तेही ओरडले. "आन हिच्या तोंडाकडं बघून फसू नका. हिला अजून भाकरी थापता येत न्हाई. कडा फाटतेत."

आता मात्र सगळा काठ हसला. पाटलांनी काठी खाली टेकवली. स्वतःचीच निंदा एवढ्या मोठ्यानं करणारी सून खोटं बोलत नसणार, असा त्यांनी हिशेब केला असावा. आम्ही गावात गेलो. गाव मात्र चार घरं आज, चार उद्या, असं लाजत लाजत परतलं आणि ज्वारीला राखणीसाठी गेलो होतो असं एकमेकांना सांगत राहिलं. मालकांना मी विचारलं तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टर गिल्टी म्हणला. मी बी गिल्टीच म्हणलो." चूक कुठं होती ते मलाही सांगता येईना.

हसण्याचा भाग इथं संपला.

मामाजींनी हैदराबादेला जायचं ठरवलं. परतूरपर्यंतच्या वाटेसाठी त्यांनी गाडीचं जू नवीन केलं, आडोशाला तट्ट्या बांधल्या, आत गवत घालून वाकळ अंथरली. हा माणूस जन्मभर त्या आवाजाखाली मान घालून जगला होता. मला वाटलं होतं, त्यांना सुटल्यासारखं होईल. ते ओसरीवर सोयऱ्यांना म्हणाले, "मुकी तर मुकी. पण जित्ती असू द्या."

मग सासूबाईंना ओसरीवर बोलावलं. भावकीतली चार वडीलधारी माणसं बसली होती. तोवर मी मामाजींसमोर कधी तोंड उघडलं नव्हतं. ओढ्यावर ओरडले ते वेगळं, तिथं मधे पाणी होतं. सासूबाई खांबाला टेकून बसल्या, मी त्यांच्या अंगाला, डोक्यावरून पदर ओढून. मामाजींनी विचारलं, "जायचं ना?"

त्या बोलल्या. बराच वेळ बोलल्या. मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांचं बोलणं त्या ओसरीवर फक्त मला कळत होतं. मी "हो म्हणतेत" एवढं म्हटलं असतं तर बैल जुंपले गेले असते. त्या कितीही ओरडल्या असत्या तरी ते माझ्यावाचून कुणाला कळलं नसतं. आणि कदाचित त्या जगल्या असत्या. हे सगळं माझ्या मनात आलं, आणि ते मनात आलंय हे त्यांनाही कळलं. त्यांचा हात माझ्या दंडावर होता. बोटं चिमट्यासाठी जुळलेली, पण चिमटा घेत नव्हत्या. नुसता हात ठेवला होता.

"न्हाई म्हणतेत," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ऐकू येईना. म्हणून मी त्यांचा काढला. "म्हणतेत, जीभ तिथं ठिवून घरी कोण येईल? मी तर येणार न्हाई. दुसरीच कोण्ती तरी बाई येईल, आन तसली मुकी बाई मी या घरात नांदू देणार न्हाई."

कोणी हसलं नाही. मामाजी माझ्याकडे न बघता मला म्हणाले, "इचार तिला, मंग मी काय करू?"

"म्हणतेत, ऐकायचं. आजपोत्तूर तेच तर केलं."

मामाजींनी डोक्यावरचा पटका काढला आणि मांडीवर ठेवून त्याच्या घड्या घालत बसले. पटक्याच्या घड्या घालायच्या नसतात. दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडीच्या तट्ट्या सोडल्या.

गाठीनं डॉक्टर म्हणाले तसंच केलं. घाई केली नाही. पावसाळ्यात दुखणं कानात शिरलं. त्या कानावर गरम विटेचा तुकडा फडक्यात धरून बसायच्या. दिवाळीपर्यंत जीभ एका बाजूला वळून घट्ट बसली, हलेना. ज्वारीची आंबील आधी वाटीनं जायची, मग मी तान्ह्या लेकरांचं बोंडलं काढलं आणि त्यानं गालातून सोडायला लागले. अर्धी परत यायची. पुढं तिच्यात रक्त यायला लागलं. खोलीला वास सुटला. मी कडुलिंबाचा पाला जाळायचे, पण तो वास पाल्याला भीत नव्हता. भेटायला येणाऱ्या बाया दारातूनच बोलायला लागल्या.

आणि त्या बायांना सासूबाई सोडत नव्हत्या. मला हेच सांगायचं आहे. त्या दोन-तीन आवाज काढायच्या, मी पुढचं वर्णन पुरं करायचे. बरोबर जमलं तर त्या डोळे मिटायच्या. चुकलं तर चिमटा. मी दया येऊन गोड केलं तर दोन चिमटे. माझा डावा दंड त्या हिवाळ्यात सतत निळा असायचा आणि मालक विचारायचे, "हे काय?" मी म्हणायचे, "व्याकरण." बाया दारातून हसून जायच्या, आणि पुन्हा यायच्या. वासाच्या घराला माणसं येत राहिली ती त्यामुळे.

माझं नाव झिजत गेलं. शहवाली, शहाई, हाई. माघात नुसता "हा" उरला. मग तोंड उघडून श्वास सोडला की ते माझं नाव.

शेवटच्या दिवसांत एकदा त्यांनी उशाखालचं फडकं ओढलं. त्यात ती चांदीची जीभ होती, गाठीसकट. खरी गाठ तोवर चांदीच्या गाठीच्या कितीतरी पुढं गेली होती. त्यांनी ती माझ्या हातात दिली, माझी मूठ मिटली, आणि काही म्हणाल्या. मामाजी उंबऱ्यात बसले होते. रोज तिथंच बसायचे.

"काय म्हणती?" त्यांनी विचारलं.

मला कळलं नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मला खरोखर काही कळलं नाही. तो शब्द नव्हता, हवा होती. देवीला नेऊन दे, असंही असेल. ठेव, असंही असेल. पाणी मागत असतील. मामाजी माझ्याकडे बघत होते आणि सासूबाईंचा हात माझ्या दंडावर होता.

"म्हणतेत," मी त्यांच्या आवाजात म्हणाले, "देवीला द्यायची न्हाई. तिनं काम केलं न्हाई. शहरवालीला दिली. वापरायला."

मी चिमट्याची वाट पाहिली. मामाजींनीही पाहिली असावी, कारण तेही त्या हाताकडेच बघत होते. आता बोटांत तेवढी ताकद उरली नव्हती, असं कोणी म्हणेल. पण सकाळीच, मी बोंडलं वाकडं धरलं म्हणून, त्याच बोटांनी मला चांगलं लाल केलं होतं.

चिमटा आला नाही.